ताटापासून गोदामाकडं उलटं मोजत या: शाळेचा पोषण आहार आणि पुरातली मदत वेळेवर पोचवायची कशी

सोलापुरात धान्याला कधी तोटा नाही. मार्केट यार्डात पहाटे गेलात तर तांदूळ, डाळ, ज्वारी, शेंगदाणे, पाहिजे तेवढं मिळतं, आणि संकट आलं की देणारे हातही भरपूर असतात, हे मी दरवेळी बघतोय. तरीपण एखाद्या शाळेत पोरं दुपारी दोनपर्यंत ताट घेऊन बसलेली असतात, आणि पुरात एका गावात तीन ट्रक बिस्किटं येतात अन् शेजारच्या वस्तीवर प्यायचं पाणीसुद्धा नसतं. अडचण माल मिळण्यात नसतेच, ती असते मोजदादीत, वेळेत आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये. काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत काम केलं आणि सप्टेंबर २०२५ च्या सीना नदीच्या पुरात गाड्या भरून पाठवल्या, तेव्हा कळलं की शाळेची खिचडी आणि पुरातलं किट ही दोन्ही कामं एकाच पद्धतीनं चालतात. जेवणारा माणूस कुठं बसलाय, किती वाजता जेवणार, किती खाणार, तिथून सुरुवात करायची आणि गोदामापर्यंत उलटं मोजत यायचं.

आधी शाळेचं सांगतो, कारण ज्याला रोजचं १८० पोरांचं जेवण नीट जमतं त्याला पुरातलं १५०० माणसांचंही जमतं.

शाळेचा हिशोब: पटावर नाही, हजेरीवर

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची आपली योजना १५ ऑगस्ट १९९५ ला देशभर सुरू झाली, शिजवलेलंच अन्न द्यायचं हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा, आणि २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण झालं, गावात मात्र आपण अजून पोषण आहारच म्हणतो. माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम, असा त्यामागचा हिशोब.

आता समजा शाळेत लहान वर्गांत १२० पोरं आणि मोठ्या वर्गांत ६०. तांदूळ झाला १२ आणि ९ मिळून २१ किलो, डाळ चार किलो दोनशे ग्रॅम, भाजी साडेदहा किलो, तेल एक किलोच्या जरा वर. महिन्यात २२ दिवस शाळा धरली तर ४६२ किलो तांदूळ, म्हणजे ५० किलोची सव्वानऊ पोती. हा आकडा मुख्याध्यापकांच्या आणि स्वयंपाकी ताईंच्या तोंडपाठ पाहिजे, कारण गाडी आली की ड्रायव्हर घाईत असतो, कागद पुढं करतो आणि सही मागतो, त्या वेळी वही शोधत बसायला सवड मिळत नाही.

रोज शिजवताना मात्र त्या दिवशीची हजेरी बघायची. श्रावणात, जत्रेच्या दिवशी, ज्वारीच्या काढणीत, पाऊस असेल तेव्हा हजेरी एकदम उतरते. घंटा झाल्यावर दहा मिनिटांत वर्गवार आकडा स्वयंपाकघरात गेला पाहिजे, आणि तो कागदावर लिहून, तोंडी नको. आम्ही भिंतीवर एक जुना फळा लावला होता, त्यावर पोरंच आकडा लिहून जायची आणि ताई तो बघून तांदूळ काढायच्या. एवढ्यानं उरणं आणि कमी पडणं दोन्ही थांबलं.

पोतं उतरताना काट्यावर घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. पोत्यावर ५० लिहिलंय म्हणजे आत ५० असतंच असं नाही. वाटेत दाभण लागतं, हुक लागतो, गोणी उसवते, तांदूळ सांडतो, कुणाची चूक असो नसो, पोरांच्या ताटातलं कमी होतं. एका पोत्यात एक किलो कमी आलं तर फार वाटत नाही, पण दहा पोत्यांत दहा किलो झालं, म्हणजे शंभर लहान पोरांचं एका दिवसाचं जेवण गेलं. म्हणून शाळेत साधा वजनकाटा ठेवा, सगळी पोती तोला, बारदानाचं वजन वजा करा (ज्यूटची गोणी साधारण अर्ध्या किलोच्या वर भरते), आणि भरलं तेवढंच वजन पावतीवर लिहून मग सही करा. आमच्याकडं एकदा पावसात आलेली दोन पोती खालून ओली होती, वरून हात लावला तर कोरडीच वाटत होती, पोतं आडवं केलं तेव्हा बुडाला काळपट डाग दिसला आणि आंबूस वास आला. ती परत पाठवली. ड्रायव्हरला राग आला, पण ओला तांदूळ एकदा थप्पीत गेला की आठवड्यात शेजारच्या पोत्यांनाही बुरशी धरते.

ठेवायची पद्धत थोडक्यात: खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, जुनं पोतं पुढं आणि नवं मागं, पोत्यावर खडूनं आल्याची तारीख. सोंडे किडे दिसले तर पाखडून, उन्हात घालून मगच वापरायचा. खोलीत खत, फवारणीचं औषध, रॉकेल यातलं काहीही नको, आणि औषधाचा रिकामा डबा तेलाला वापरणं तर कधीच नको. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत जेवणातून विषबाधा होऊन २३ पोरं गेली, तेलात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. आपल्याकडं द्राक्ष, डाळिंब, ऊस सगळीकडं फवारणी आहे, प्रत्येक घरात असले डबे पडलेले असतात, म्हणून हे मी जरा जोर देऊन सांगतोय. आणि पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी मोठ्या माणसानं चव घ्यायची, रजिस्टरमध्ये सही करायची. रोज एक आई चवीला बोलवा, सही खरी होते.

शिजल्यापासून ताटात पडेपर्यंत किती वेळ

गावच्या शाळेत चूल आवारातच असते म्हणून हा प्रश्न कमी. पण शहरात जिथं एका मोठ्या किचनमधून आठ-दहा शाळांना डबे जातात तिथं खरा खेळ घड्याळाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये सोलापूर ४० अंशांच्या वर जातं, अशा उन्हात टेम्पोच्या हौद्यात ठेवलेलं वरण दोन तासांत आंबायला लागतं. अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं तर सुरक्षित, त्याखाली आलं की जंतू वाढतात, आणि शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उलटं मोजा. पोरं साडेबाराला बसणार, वाढायला वीस मिनिटं, गाडीला चाळीस, भरायला वीस, म्हणजे टोप चुलीवरून अकरा वाजून दहाच्या आधी उतरवायचाच नाही. सकाळी आठला सगळं शिजवून मोकळं व्हायची सवय मोडायला त्रास होतो, तरी मोडा.

गाडी भरताना जी शाळा शेवटी येते तिचा डबा आधी आत सरकवायचा आणि पहिल्या शाळेचा डबा दाराजवळ. डब्यावर शाळेचं नाव आणि पोरांचा आकडा रंगानं लिहा, कागद चिकटवला तर वाफेनं सुटतो. एक वाटीभर नमुना झाकून २४ तास थंड जागी ठेवा, पुढं कुणाला त्रास झाला तर तपासायला उपयोगी पडतो.

आता पूर. आधी नकाशा डोक्यात घ्या

आपण दुष्काळातली माणसं, टँकरची खेप, चारा छावणी, हे आपल्याला पाठ आहे. पुराची तेवढी सवय नव्हती. भीमेला उजनी धरणाचं पाणी सुटलं की पंढरपूरला काय होतं हे सगळ्यांना माहीत, ऑक्टोबर २०२० मध्ये तेच झालं, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं जे केलं ते बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळ्या पट्ट्यात पाणी शिरलं आणि लांबोटीजवळ पुणे हायवेच बंद पडला.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. सोलापूर शहरातून पुणे रोडनं निघालात तर लांबोटीला सीना आडवी येते, मंगळवेढा रोडनं निघालात तर तिऱ्ह्याला, विजयपूर रोडनं निघालात तर वडकबाळला. बार्शीहून कुर्डुवाडीकडं जाताना पण सीनाच. म्हणजे सीनेला पूर आला की मार्केट यार्डातला सगळा माल अलीकडच्या काठावर आणि अर्धी गावं पलीकडच्या काठावर. त्यामुळं मदतीचे दोन साठे करायचे. अलीकडच्या गावांना सोलापुरातून आणि बार्शीतून, पलीकडच्या गावांना मोहोळ, कुर्डुवाडी, पंढरपूरच्या दुकानदारांकडून. पैसे इथून ऑनलाइन पाठवा, माल तिथंच घ्या. पहिल्या दिवशी आम्ही सोलापुरातच सगळं खरेदी केलं आणि भरलेली गाडी हायवेवर रांगेत पूर्ण रात्र उभी राहिली, आत दीडशे किट आणि समोर पाणी. त्याच रात्री मोहोळच्या व्यापाऱ्याला फोन केला असता तर सकाळी माल गावात असता.

पहिला फोन: पाच प्रश्न

गाडी ठरवायच्या आधी गावातल्या एका माणसाला फोन. सरपंच, तलाठी, आशाताई, शाळेचे गुरुजी, जो उचलेल तो. प्रश्न पाच. माणसं किती आणि कुठं आहेत, गावात, शाळेत की वस्त्यांवर? चूल पेटवता येते का? गाडी कुठपर्यंत येते आणि कसली येते? आतापर्यंत काय काय आलंय? आणि उतरवून घ्यायला कोरडी जागा अन् चार माणसं आहेत का? उत्तरं वहीत तारीख-वेळ घालून लिहा, कारण सकाळचं उत्तर संध्याकाळी बदललेलं असतं. दुसरा फोन जिल्हा नियंत्रण कक्षाला, १०७७. आपण कुठं काय नेतोय ते सांगायचं म्हणजे एकाच गावात पाच गाड्या जात नाहीत. माणसं अडकली असतील तर ११२, आणि बोटीचं काम एनडीआरएफच्या (केंद्राच्या आपत्ती बचाव दलाच्या) लोकांवर सोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर गाडी पाठवू नका. दोन दिवसांपूर्वीचा मेसेज फिरत राहतो, गावात आता किराणा नको असतो, त्यांना झाडू, ब्लिचिंग आणि मोटर दुरुस्त करणारा पाहिजे असतो.

दिवसाप्रमाणे जेवण बदलतं

पहिले दोन-तीन दिवस चूल नाही, सरपण ओलं, गॅस वाहून गेलेला. तेव्हा तांदळाचं पोतं दिलं तर ती बाई ते ठेवणार कुठं आणि शिजवणार कशावर? या दिवसांसाठी आपल्या सोलापूरकडं हाताशीच आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. शिजवायचं नाही, पाणी लागत नाही, आठवडाभर टिकते, पोट भरतं, आणि लोकांच्या जिभेची आहे, म्हातारी माणसंसुद्धा पाण्यात किंवा दुधात भिजवून खातात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. भाकरी पूर्ण गार आणि कोरडी झाल्याशिवाय पिशवी बांधायची नाही, आतून घाम धरला की मऊ पडते आणि बुरशी येते. आणि चवड करून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची, खोक्यावर पोतं ठेवायचं नाही, नाहीतर तिथं जाऊन निव्वळ चुरा निघतो. १५०० माणसांना दोन वेळा दोन-दोन म्हटलं तरी दिवसाला ६००० भाकरी लागतात, एका गटाकडून होत नाही, चार-पाच बचत गटांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगायला लागतं.

नंतर सामुदायिक स्वयंपाक. इथं आपली माणसं पक्की आहेत, आषाढीला वारकऱ्यांच्या पंगती उठवणारे आचारी जिल्ह्यात जागोजागी आहेत, त्यांना टोप, झारे, शेगड्या सगळं घेऊन बोलवा. मोठ्या माणसाला दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर १५०० जणांना एका वेळेला सव्वादोनशे किलो, आमच्याकडच्या मोठ्या टोपात २५ किलो तांदळाची खिचडी बसते, म्हणजे नऊ टोप. खिचडी त्याच गावात शिजवा. शहरात शिजवून प्लास्टिकच्या पिशव्यांत गरम भरली तर तीन-चार तासांत आंबते, मी उघडून वास घेतलाय, तिनशे पिशव्या खड्ड्यात पुरायला लागल्या, आणि ज्या बायकांनी पहाटे तीनला उठून ती केली होती त्यांना हे सांगताना माझा आवाज फुटेना.

कोरडं किट पाणी उतरून माणसं घरी परतली की.

किटमध्ये काय आणि किती

पाच माणसांचं घर, सात दिवस. ज्वारी किंवा गव्हाचं पीठ ८ किलो, तांदूळ ५, तूरडाळ २, तेल १ लिटर, शेंगदाणे १ किलो, साखर १, मीठ १, तिखट-हळद आणि चहा पाव-पाव किलो. एकूण साडेएकोणीस किलोच्या आसपास, माणशी रोज २००० उष्मांकांच्या जवळ जातं, आपत्तीत माणशी २१०० धरतात, शेंगदाणे अर्धा किलो वाढवले की तेही गाठतं. पीठच द्या, धान्य नको. वीज नाही म्हणजे गिरणी बंद, आणि घरात ज्वारीचं पोतं असूनही भाकरी होत नाही. वर काडेपेटी, मेणबत्ती, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड. पॅड विसरू नका, बायका तोंडानं मागत नाहीत.

पॅकिंगबद्दल एक प्रसंग सांगतो. मोहोळ तालुक्यातलं एक गाव, डांबरी संपली तिथं आमचा आयशर ट्रक थांबला, पुढं तीन किलोमीटर काळ्या मातीचा चिखल. एक ट्रॅक्टर मिळाला. आमची किटं वीस किलोची, पातळ कॅरीबॅगमध्ये. ट्रॉलीत टाकताना पहिल्या फेरीतच सात-आठ पिशव्यांचे बंद तुटले, तेलाचं पाकीट फुटलं, पिठात तेल, तेलात साखर, आणि एक म्हातारी आजी फाटलेल्या पिशवीतलं पीठ पदरात गोळा करत होती, वरवरचं चांगलं तेवढं घेते म्हणाली. त्या रात्री बसून आम्ही उरलेली सगळी किटं सोडवली. तेव्हापासून नियम: एका किटचे दहा-दहा किलोचे दोन भाग, विणलेल्या छोट्या पोत्यात, तोंड दाभण-सुतळीनं शिवलेलं, आत पिठाची पिशवी दुहेरी, आणि तेल-मीठ-साबण वेगळ्या पिशवीत. दहा किलो बाई डोक्यावर घेऊन चिखलातून चालू शकते, म्हातारा काखेत घेऊ शकतो. वीस किलो नाही जमत.

३०० किटं एका टेबलावर भरली तर पूर्ण दिवस जातो. तीन टेबलं लावा, प्रत्येकावर सात-आठ जण, एकानं एकच वस्तू टाकायची आणि शेवटच्यानं वजन करून शिवायचं. वजन कमी-जास्त आलं की लगेच कळतं काय राहिलं.

गाडी

३०० किटं म्हणजे सहा टन. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टनाचा, आठ खेपा. पिकअप दीड टनाचा, चार खेपा. आयशर एका खेपेत नेतो पण गावात शिरत नाही. म्हणून मोठी गाडी डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून पिकअप किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली. ट्रॅक्टर गावचाच घ्या, त्या ड्रायव्हरला कुठं ओढा आहे, कुठं रस्ता खचलाय ते माहीत असतं, आणि डिझेलचे पैसे आधी द्या, त्याचंही शेत पाण्यात गेलेलं असतं.

पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. ड्रायव्हर म्हणेल गुडघाभरच आहे, जाऊ. नाही जायचं. खाली रस्ता उरलाय का ते वरून दिसत नाही. अंधार पडल्यावर गावात शिरायचं नाही, गाडी डांबरीवर उभी करून सकाळी जायचं. ताडपत्री वरून एक आणि हौद्यात खाली एक. ड्रायव्हरकडं कागद हवा: कोणत्या गावाला किती नग, उतरवून घेणाऱ्याचं नाव-नंबर. रिकाम्या हातानं परत येताना सहीचा कागद घेऊन यायचं.

पाण्याला जार-बाटल्या फार महागात पडतात आणि जागा खातात. १५०० माणसांना नुसतं प्यायला माणशी तीन लिटर धरलं तरी साडेचार हजार लिटर, म्हणजे २० लिटरचे सव्वादोनशे जार. तेच एक टँकर देतो. टँकर कुणाचे, चालवतात कोण, हे आपल्याला दुष्काळानं शिकवलंय, तेच नंबर काढा. टँकर आधी धुवून घ्यायचा, क्लोरीन आरोग्य सेवकाकडून टाकून घ्यायचं, टाकल्यावर अर्धा तास थांबून मग वाटायचं. आणि सोबत झाकणाच्या बादल्या किंवा कॅन द्या, घरातली भांडी वाहून गेलेली असतात.

चाऱ्याची गाडी विसरतात. जनावर उपाशी असेल तर शेतकरी निवारा सोडून पाण्यात परत जातो, हे डोळ्यांनी बघितलंय. कडबा वजनाला हलका पण जागेला मोठा, गाडीचा हिशोब टनावर करू नका. मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा जड असतात पण भिजत नाहीत, पावसात त्या बऱ्या.

जुने कपडे गोळा करू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. निवडायला माणसं लागतात, भिजले की कुजतात. द्यायचंच असेल तर चादर द्या, सोलापुरात चादर शोधायला लांब जायला लागत नाही.

वाटप

गाडीवरून फेकून वाटायचं नाही, कधीच नाही. तरणी पोरं दोन-दोन नेतात आणि म्हातारी, बाळंतीण, अपंग माणूस मागं राहतो. आदल्या दिवशी गल्लीवार, वस्तीवार यादी करा, घरातल्या बाईच्या नावानं चिठ्ठी द्या, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन किट. रेशन कार्ड मागू नका, अर्ध्यांची भिजली आहेत आणि काहींकडं कधी नव्हतीच. गावाबाहेरची पालं, मेंढपाळ, सालगडी, वीटभट्टीवरची माणसं सरपंचाच्या यादीत येत नाहीत, त्यांची यादी आशाताईंना किंवा शाळेच्या गुरुजींना विचारा, गुरुजींना प्रत्येक पोराचं घर माहीत असतं. यादीपेक्षा दहा टक्के किटं जास्त न्या. वाटताना दोन रांगा, एक म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्यांची. लोकांचे हात पसरलेले फोटो काढू नका, मोजदादीला ट्रॉलीचा आणि यादीचा फोटो पुरतो.

शाळा निवारा होते तेव्हा

गावात उंचावरची पक्की इमारत बहुतेक शाळाच असते. तिथं स्वयंपाकघर, टोप, ताटं आणि पोरांचा तांदूळ असतो, त्यामुळं पहिल्या रात्रीची खिचडी त्यातून व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं आणि माणसं उपाशी असतील तर व्हायलाही पाहिजे. पण तो तांदूळ पोरांच्या नावाचा आहे. तहसीलदार आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन करून परवानगी घ्या, मेसेज लेखी मागवा, किती किलो काढला ते वजन करून स्टॉक रजिस्टरमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, दोन पंचांच्या सह्या घ्या. नंतर येणाऱ्या मदतीतून सगळ्यात आधी तेवढा तांदूळ शाळेला परत. असं लिहिलं नाही तर पुढं मुख्याध्यापकावर बालंट येतं आणि पुढच्या वेळी तो माणूस कुलूप उघडताना घाबरतो.

शाळेत पाणीच शिरलं असेल तर भिजलेला तांदूळ सुकवून वापरायचा मोह टाळा. पुराच्या पाण्यात गटार, शेतातली औषधं, मेलेली जनावरं सगळं असतं. वजन करून, फोटो काढून पंचनामा करून घ्या आणि मगच टाका. टोप-ताटं गरम पाण्यानं आणि ब्लिचिंगनं धुवा, गॅसचा रेग्युलेटर आणि नळी बदला, हातपंप किंवा बोअरचं पाणी तपासल्याशिवाय चूल पेटवू नका. आणि स्वयंपाकी ताईंकडं बघा. त्यांचंही घर गेलेलं असतं, मानधन तुटपुंजं, आणि शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी सकाळी त्याच हजर असतात. त्यांच्या घरचं किट पहिल्या यादीत घाला.

पूर ओसरल्यावर शाळा जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, कारण शाळा सुरू म्हणजे पोराचं एक वेळचं गरम जेवण नक्की, आणि आईला घरातला चिखल काढायला मोकळीक. २०२० मध्ये कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा कोरडा शिधा घरी दिला, तसाच मार्ग आठ-दहा दिवसांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून मागता येतो, पण शिजवलेल्या जेवणाची सर त्याला नाही, घरच्या कोरड्या शिध्याला सात तोंडं असतात.

मे महिन्यात करून ठेवायच्या गोष्टी

पावसाळ्याच्या आधी एक रविवार काढा. पाच-सहा पिकअपवाले, दोन टँकरवाले, सीनेच्या दोन्ही काठांवरचे चार किराणा व्यापारी, दोन आचारी, भाकरी करणारे चार-पाच बचत गट, प्रत्येक गावातला एक ट्रॅक्टरवाला, सगळ्यांचे नंबर एका वहीत, बॅटरी संपली तरी वही राहते. व्यापाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा की पुरात माल उधारीवर आणि नेहमीच्या भावानं मिळेल का. दोन मोठ्या ताडपत्र्या, पन्नास किलोपर्यंतचा काटा, दाभण, सुतळीचे चार गुंडे, पाचशे छोटी विणलेली पोती, कायमच्या शाईचे पेन आणि कोऱ्या पावत्यांचं बुक एका पेटीत घालून शाळेच्या माळ्यावर ठेवा. किल्ली दोघांकडं, एक गावात राहणाऱ्याकडं आणि एक नदीच्या पलीकडच्याकडं.